बंदीचा ठराव लिहिण्याआधी: शाळा व्यवस्थापन समित्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष व सदस्य,
आणि पालक-शिक्षक संघांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी केली. जानेवारी २०२६ मध्ये गोव्याच्या माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांनी तसाच विचार बोलून दाखवला. त्यामुळे "आपल्या शाळेत, आपल्या गावात का नको?" हा प्रश्न तुमच्या बैठकीत येणार, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतही येणार. आम्ही शाळांमध्ये संगणक शिकवणारे, मुलांचं समुपदेशन करणारे आणि त्यांच्या ऑनलाइन तक्रारी मार्गी लावायला मदत करणारे लोक आहोत. ठराव लिहायला बसण्याआधी आमचं म्हणणं ऐकून घ्यावं, अशी कळकळीची विनंती आहे.

मत आधीच सांगतो. सोळा पूर्ण होईपर्यंत मुलाचं स्वतःचं इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट किंवा फेसबुक खातं नको, असंच आम्हालाही वाटतं. पण ठरावात फक्त एवढंच लिहिलंत, तर आपल्याकडची बहुतेक मुलं आजच्यापेक्षा जास्त धोक्यात जातील. कारण आपल्याकडचं तेरा-चौदा वर्षांचं मूल बहुतेक वेळा स्वतःच्या खात्यावर नसतंच. ते वडिलांच्या फोनवर, वडिलांच्या सिमवर, वडिलांच्या किंवा काकांच्या खात्यावर असतं.

'असर २०२४' ही देशभरातल्या ग्रामीण घरांची पाहणी बघा. १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात ५७ टक्के मुलांनी तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी सोशल मीडियासाठी. आणि फोन वापरता येणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलांपैकी स्वतःचा फोन होता फक्त २७ टक्क्यांच्या आसपास मुलांकडे. म्हणजे दर चौघांतली तिघं घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर असतात.

आता त्या फोनवर काय घडतं ते जवळून बघू. इन्स्टाग्रामचं खातं उघडताना जन्मतारीख विचारतात. दिवस, महिना, साल अशी तीन चाकं समोर येतात. २०१२ मध्ये जन्मलेलं मूल सालाचं चाक अंगठ्याने जोरात फिरवतं आणि ते जिथे थांबेल ते साल घेतं, २००१ किंवा १९९८. दोन सेकंदांचं काम. पण त्या दोन सेकंदांत बरंच काही हातातून जातं. खरं साल टाकलं असतं, तर किशोरांचं खातं मिळालं असतं. भारतात ही सोय फेब्रुवारी २०२५ पासून आली. अशा खात्यात खातं आपोआप खाजगी राहतं, मूल ज्यांना फॉलो करतं त्यांच्याशिवाय इतर कुणाचे मेसेज येत नाहीत, भडक मजकुराची चाळणी सगळ्यात बारीक असते, रात्री १० ते सकाळी ७ सूचना मुक्या राहतात, आणि सोळाच्या खालचं मूल यातलं काहीही पालकाच्या परवानगीशिवाय सैल करू शकत नाही. मूल वडिलांचं चालू खातं वापरतं तेव्हाही यातलं काहीच लागू होत नाही. समोरच्या यंत्राच्या दृष्टीने तो बेचाळीस वर्षांचा माणूस असतो. मग बेचाळीस वर्षांच्या माणसाला जे दाखवायचं तेच सातवीतल्या मुलीला दिसतं, आणि बेचाळीस वर्षांच्या माणसाला कुणीही मेसेज करू शकतो तसाच तिलाही करू शकतो.

नुसत्या खातेबंदीच्या ठरावाने हेच वाढतं. ज्या मुलाचं खऱ्या वयाचं खातं आहे ते बंद होतं, आणि मूल मोठ्यांच्या खात्यावर सरकतं.

ऑस्ट्रेलियाचा कायदाही नीट वाचून घ्या, कारण बैठकीत त्याचा दाखला चुकीचा दिला जातो. तिथे मुलाला शिक्षा नाही, पालकालाही नाही. कंपनीने वाजवी पावलं उचलली नाहीत तर कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे. बंदी खातं ठेवण्यावर आहे, त्यामुळे लॉगिन न करता यूट्यूबवरचा व्हिडिओ पाहता येतो. व्हॉट्सअ‍ॅप त्या यादीत नाहीच. ज्या देशात मुलाच्या खिशात स्वतःचा फोन असतो, तिथे खात्यावर घाव घालणं बरोबर जागी बसतं. आपल्याकडे तोच घाव बाजूला पडतो.

आपल्या देशातला कायदा आणखी कडक आहे, पण तो अजून पूर्ण लागू झालेला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याच्या कलम ९ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते, मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवायला मनाई आहे, आणि मोडणाऱ्याला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांना १८ महिने दिलेत, म्हणजे हे कलम मे २०२७ च्या सुमारास अंमलात येईल. त्यातही एक भोक आहे. मुलाने "मी लहान आहे" असं सांगितलं तर संमतीचा प्रश्न येतो. सालाचं चाक मागे फिरवणाऱ्या मुलापर्यंत हा कायदा पोचणार कसा, हे अजून बघायचं आहे. दिल्लीच्या भरवशावर वाट पाहत बसू नका. तोवर आज सातवीत असलेलं मूल पुढच्या वर्गात गेलेलं असेल.

मग तुमच्या हातात काय आहे? बरंच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. गावात फोन कुणाच्या हातात किती वाजता असतो हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

सुरुवात शाळेपासून करा, कारण मुलाच्या हातात फोन देण्याचं सगळ्यात सोयीचं कारण शाळाच पुरवते. रात्री साडेआठला मूल म्हणतं, "बाईंनी गृहपाठ टाकलाय, बघू दे." कुठलाही पालक याला नाही म्हणू शकत नाही. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये गृहपाठाचा एक फोटो असतो. त्याखाली पंचवीस-तीस "थँक्यू मॅडम", दोन हात जोडलेले, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, एक सुविचार, कुणीतरी पुढे ढकललेली रील. त्या रीलवर बोट पडलं की गृहपाठ संपला. दोष मुलाचा नाही. वहीत दोन ओळींत मावणारी गोष्ट आपण त्याला बाजाराच्या मधोमध नेऊन ठेवली.

म्हणून पहिली मागणी ही: गृहपाठ फळ्यावर आणि वहीत, ग्रुपवर नाही. शेवटच्या तासाची शेवटची पाच मिनिटं फळ्यावरून उतरवून घ्यायला राखून ठेवा. गैरहजर मुलासाठी वर्गमित्राची वही आहे, पूर्वी होती तशी. पीडीएफ स्वाध्याय पाठवणं थांबवा. सहा इंची पडद्यावर दोन रकान्यांची प्रश्नपत्रिका मोठी करून करून वाचणाऱ्या मुलाचं लक्ष पाचव्या मिनिटाला उडतंच. छापून द्यायला पैसे नसतील तर प्रश्न फळ्यावर लिहा.

पालकांना निरोप द्यायला व्हॉट्सअ‍ॅप ठेवायचंच असेल तर ग्रुपची पद्धत बदला. साध्या ग्रुपमध्ये साठ पालकांचे साठ नंबर सगळ्यांना दिसतात, आणि त्यातले कितीतरी फोन प्रत्यक्षात मुलींच्या हातात असतात. अनोळखी "हाय" येण्याची ही एक नेहमीची वाट आहे. निदान ग्रुपच्या सेटिंग्जमध्ये मेसेज फक्त अ‍ॅडमिन पाठवू शकेल असं करा. त्याहून बरी ब्रॉडकास्ट लिस्ट. तिच्यात २५६ जण मावतात आणि कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही. फक्त एक अडचण येते: ज्या पालकाने शिक्षकांचा नंबर फोनमध्ये साठवलेला नाही, त्याला निरोप पोचत नाही. जूनमधल्या पहिल्याच पालकसभेत प्रत्येकाकडून नंबर साठवून घ्या, पाच मिनिटांत होतं. कम्युनिटीच्या घोषणा-ग्रुपमध्येही सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. चॅनेल करणार असाल तर लक्षात ठेवा, दुवा मिळालेला कुणीही ते पाहू शकतो, म्हणून त्यावर मुलांचे फोटो टाकू नका. स्नेहसंमेलनातल्या नाचाचे, चेहरा आणि शाळेचं नाव दोन्ही दिसणारे फोटो शाळेच्या फेसबुक पानावर टाकायची हौसही आवरा. हल्ली चेहऱ्याच्या एका स्वच्छ फोटोवरून अश्लील खोटा फोटो बनवता येतो, आणि त्यासाठी संगणकाचं शिक्षण लागत नाही.

दुसरी गोष्ट घरातला फोन. पालकसभेत याचं प्रात्यक्षिक ठेवा. भाषण नको, प्रत्येकाने आपला फोन हातात घ्यायचा. सगळ्यात आधी सेटिंग्जमध्ये बोटांच्या ठशांची यादी उघडायची. किती ठसे आहेत? बऱ्याच घरांत फोनचा लॉक मुलानेच लावून दिलेला असतो, त्यामुळे एक ठसा त्याचाही असतो. तो काढा आणि पिन बदला. नवा पिन जन्मसाल किंवा गाडीचा नंबर नको. त्याच फोनवर तुमचं फोनपे किंवा गूगल पे असतं, एवढं कारणही पुरेसं आहे.

मग अ‍ॅप लॉक लावा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय आत असतेच. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट आणि ब्राउझर, चारही कुलुपात. ब्राउझर विसरू नका. इन्स्टाग्रामचं अ‍ॅप बंद केलं तरी तेच सगळं क्रोममध्ये उघडतं, आणि पासवर्ड तिथे साठवलेला असतो. फोनमध्ये 'ड्युअल अ‍ॅप' किंवा 'अ‍ॅप क्लोन' नावाची सोय असेल तर तीही पाहा. एकाच फोनवर दुसरं इन्स्टाग्राम तिथे लपलेलं असतं. पडद्यावरचं चिन्ह लपवता येतं, पण सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून ते जात नाही. महिन्यातून एकदा ती यादी वरून खालपर्यंत वाचा.

गृहपाठाचा फोटो दाखवायचाच असेल तर पडदा पिन करायला शिका. सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप पिनिंग' किंवा 'स्क्रीन पिनिंग' असं नाव असतं. ते चालू करा, गॅलरीत तो फोटो उघडा, अलीकडच्या अ‍ॅप्सची खिडकी उघडून गॅलरीच्या चिन्हावर बोट ठेवा आणि पिन निवडा. आता फोन गॅलरीतच अडकला. याच्यात हमखास एक चूक होते. पिन काढताना पासवर्ड विचारण्याचं बटण वेगळं असतं, ते चालू केलं नाही तर मूल एका खुणेत बाहेर पडतं.

यूट्यूबचं एक साधं औषध आहे, ते फार कमी लोकांना माहीत असतं. सेटिंग्जमध्ये इतिहास सांभाळायची जागा असते. तिथे पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास पुसून टाका आणि तो साठवणंही बंद करा. मग यूट्यूब उघडल्यावर मुखपृष्ठ जवळजवळ रिकामं येतं. ज्याला त्रिकोणमितीचा व्हिडिओ पाहायचा आहे तो शोधून पाहील. ज्याला नुसतं काहीतरी पाहायचं आहे, त्याला समोर वाढलेलं ताट मिळत नाही. मोठ्या माणसांनाही याचा उपयोग होतो.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये प्रायव्हसीत जाऊन ग्रुपमध्ये कोण घालू शकेल ते 'माय कॉन्टॅक्ट्स' करा, अनोळखी कॉल मुके करा, प्रोफाइल फोटो फक्त ओळखीच्यांना दिसू द्या. मीडिया आपोआप उतरणं बंद करा. घरातल्या मोठ्यांच्या ग्रुपमध्ये कुणी काय टाकतं ते मुलाच्या गॅलरीत दिसतं, हे सभेत स्पष्ट बोलायला हवं. लाजून चालणार नाही.

मुलाला स्वतःचा फोन दिला असेल, एसटीने दूरच्या शाळेत जाणाऱ्या मुलांना तो द्यावाच लागतो, तर खऱ्या जन्मतारखेचं गूगल खातं आणि त्यावर फॅमिली लिंक हे गूगलचं पालकांच्या देखरेखीचं अ‍ॅप लावा. दिवसाची मर्यादा, रात्री फोन बंद राहण्याची वेळ आणि नवीन अ‍ॅपला पालकाची मंजुरी, तिन्ही त्यात मिळतात. खात्यात साल खोटं असेल तर हे नीट चालत नाही. आणि "साधा फोन दिलाय" म्हणून निर्धास्त राहू नका. जिओफोनसारख्या बटणांच्या फोनवरही यूट्यूब चालतं.

कुलुपं कितीही लावली तरी वेळेचं काय, हा प्रश्न उरतोच. आठवीच्या मुलाची बस सव्वासहाला असेल तर ते साडेपाचला उठतं. तेरा ते अठरा वयात ८ ते १० तास झोप लागते. म्हणजे साडेनऊला डोळा लागायला हवा आणि नऊला फोन हातातून सुटायला हवा. इन्स्टाग्रामची रात्रीची सोय १० ला सुरू होते, आणि ती फक्त सूचना मुक्या करते, अ‍ॅप बंद करत नाही. एका तासानंतर येते तीही फक्त आठवण असते. अ‍ॅप खरोखर बंद व्हायला हवं असेल तर पालकाने आपलं खातं मुलाच्या खात्याशी देखरेखीसाठी जोडावं लागतं आणि वेळ स्वतः घालावी लागते. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी मे २०२३ मध्ये दिलेल्या सल्ल्यात म्हटलं होतं की, दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त सोशल मीडिया वापरणाऱ्या किशोरांत चिंता-नैराश्याच्या लक्षणांचा धोका दुप्पट असतो. तीन तास ऐकायला फार वाटतात. पण शाळा सुटल्यावर अर्धा, जेवताना अर्धा, रात्री पांघरुणात दोन, असे ते सहज भरतात.

वेळेच्या बाबतीत आपल्या मातीतलं उदाहरण आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा वाजला की साडेआठपर्यंत घरातला टीव्ही बंद, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात की नाही हे पाहायला अंगणवाडी सेविका, आशा, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. त्यात आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की नियम मोठ्यांनाही होता. आईची मालिका बंद, बापाचा फोन बंद. मुलाला वाटलं नाही की एकट्याला कोपऱ्यात उभं केलंय. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्यामागची काळजी खरी आहे. पण आम्हाला विचाराल तर वडगावची वाट धरा. दीड तास पाळणं जमतं. चोवीस तास बंदी पाळायला प्रत्येक घरात एक पहारेकरी लागतो.

आणि दंड लावू नका, हे हात जोडून सांगतो. दंड भरलेलं घर पुढच्या वेळी तक्रार घेऊन येत नाही.

कारण या सगळ्यात अवघड भाग तक्रारीचाच आहे. तेरा-चौदाच्या मुलीला कुणीतरी फोटो दाखवून धमकावतं, "अजून पाठव, नाहीतर घरी सांगतो." ती कुणालाच सांगत नाही, कारण सांगितलं की फोन जाणार, बाहेर जाणं बंद होणार, शाळाही सुटेल, प्रसंगी लग्नाचा विषय निघेल. धमकावणाऱ्याला हे माहीत असतं. त्याचा खरा आधार तो फोटो नसतो, घरच्यांची भीती असते. मुलग्यांनाही धमकावलं जातं, बहुतेकदा पैशांसाठी, आणि तेही तसेच गप्प बसतात. सरसकट बंदीने ही भीती वाढते, कारण आता धमकीच्या वर "ठराव मोडला" हाही गुन्हा चढतो. बंदीची कुऱ्हाड आधी मुलींवरच पडते, हे वेगळं सांगायला नको. 'असर'च्या पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २७ टक्क्यांकडेच.

म्हणून प्रत्येक वर्गात मोठ्याने सांगा, फळ्यावर लिहा: तक्रार केली म्हणून कुणाचाही फोन काढून घेतला जाणार नाही, शिक्षा होणार नाही. पालकांकडूनही सभेत हे वचन घ्या. शाळेत तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आहेच. पेटीची किल्ली कुणाकडे, ती कोणत्या वारी आणि कुणासमोर उघडायची, हे नावानिशी ठरवा. आठवडाभर न उघडलेली पेटी मुलांच्या लगेच लक्षात येते.

तक्रार आली की काय करायचं, तेही आत्ताच ठरवून ठेवा, कारण त्या दिवशी सगळ्यांचे हातपाय गळतात आणि चुका होतात. पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी वाढते. उत्तर द्यायचं नाही. खातं डिलीट करायचं नाही, पुरावा जातो. समोरच्याच्या प्रोफाइलवर वरच्या तीन टिंबांतून त्याचा दुवा कॉपी करून ठेवायचा, कारण दिसणारं नाव तो पाच मिनिटांत बदलतो. धमकीच्या मजकुराचे स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असे घ्यायचे. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळतं, तिथे दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढा.

पण मुलाच्या किंवा मुलीच्या उघड्या फोटोचा स्क्रीनशॉट काढू नका. तो मुख्याध्यापकांना, अध्यक्षांना, ओळखीच्या पोलिसालासुद्धा व्हॉट्सअ‍ॅप करू नका. चांगल्या हेतूने केलं तरी फोटो आणखी चार फोनवर जातो, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब मध्ये असा मजकूर साठवणं आणि पसरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. फोटो पुढे ढकलणाऱ्या नववीतल्या मुलालाही हे आधी सांगून ठेवलं पाहिजे. "मी फक्त फॉरवर्ड केला" म्हणून सुटका होत नाही, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. ज्या फोनवर तो फोटो आला तो फोन तसाच पोलिसांना दाखवा.

फोटो पसरायचा थांबवण्यासाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सोय आहे, १८ वर्षांखालच्या मुलांसाठीच. फोटो कुठेही चढवावा लागत नाही. फोनवरच त्याचा आकड्यांचा ठसा तयार होतो आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो अडवतात. त्यासाठी मूळ फाइल फोनवर असावी लागते, म्हणून घाईने पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या बंद चॅटपर्यंत ही सोय पोचत नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविरुद्धच्या गुन्ह्याची तक्रार नाव न देताही करता येते. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३०, तासाभरात केलेला फोन आणि दुसऱ्या दिवशीचा फोन यात खूप फरक पडतो.

"शाळेचं नाव जाईल, आपसात मिटवू" हे कुणी म्हणालं तर त्यांना थांबवा. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना द्यावीच लागते. न देणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. पालकांना हेही सांगा की मुलाला चौकीत बसवत नाहीत. जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्यासमोर होतो, अधिकारी गणवेशात नसतात, आणि मुलाचं नाव बाहेर येऊ द्यायचं नाही असं कायदाच सांगतो. एवढं कळलं की बरेच आईबाप तक्रारीला तयार होतात.

ज्या तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांची खाती आजच आहेत, त्यांच्यावर एकदम कुऱ्हाड चालवू नका. पहिल्या महिन्यात जन्मतारीख खरी करून घ्या, खातं खाजगी करा, ओळख नसलेले फॉलोअर मुलासोबत बसून एकेक करून काढा. दोनशे फॉलोअर असतील तर तासाभराचं काम आहे आणि त्या तासात मूल स्वतःहून बऱ्याच गोष्टी बोलतं. मग खातं बंद करायचं की देखरेखीखाली ठेवायचं, हे घराला ठरवू द्या. नवीन खातं मात्र सोळापर्यंत नाही.

हे सगळं ठरावात बसवायचं तर मसुदा असा ठेवता येईल. यात हवे ते बदल करा:

"आजच्या सभेत सर्वानुमते ठरले की, इयत्ता पाचवी ते दहावीचा गृहपाठ फळ्यावर व वहीतच दिला जाईल. पालकांना निरोप सायंकाळी ६ नंतर पाठवला जाणार नाही व तो ब्रॉडकास्ट लिस्टवरूनच जाईल. शाळेच्या सार्वजनिक पानावर विद्यार्थ्यांचे ओळखू येतील असे फोटो टाकले जाणार नाहीत. सायंकाळी ७ ते ८.३० या वेळेत पालक स्वतःचे मोबाइल व टीव्ही बंद ठेवतील व रात्री ९ नंतर घरातला फोन मुलांच्या खोलीबाहेर राहील. १६ वर्षे पूर्ण होईपर्यंत पाल्याचे नवीन सोशल मीडिया खाते उघडले जाणार नाही व पालक स्वतःचे खाते पाल्यास वापरण्यास देणार नाहीत. ऑनलाइन त्रासाची तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्यावर शाळा अथवा घर कोणतीही कारवाई करणार नाही. तक्रारपेटी दर सोमवारी सखी सावित्री समितीच्या दोन सदस्यांसमोर उघडली जाईल. या ठरावासाठी कोणताही दंड नाही."

"पालक स्वतःचे खाते पाल्यास वापरण्यास देणार नाहीत" या ओळीवर बैठकीत सगळ्यात जास्त वाद होईल. ती काढू नका. तिच्याशिवाय बाकीचा ठराव कागदावरच राहील.

दर महिन्याच्या बैठकीत तीन गोष्टींची नोंद घ्या: सहानंतर किती निरोप गेले, पहिल्या तासाला किती मुलं पेंगत होती, आणि पेटीत किती तक्रारी आल्या. पहिले दोन-तीन महिने तक्रारी वाढतील. तेव्हा ठराव फसला म्हणून तो गुंडाळू नका. आजवर गप्प असलेली मुलं बोलायला लागली, असा त्याचा अर्थ असतो.

आपले,
शाळांमधले संगणक शिक्षक, समुपदेशक आणि मुलांच्या सायबर तक्रारींवर काम करणारे सहकारी